एका घरातले दोन पाय

आमच्या कारंजातल्या घराच्या ओसरीत दोन खाटा असत. कारंजा म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड आठवते. आमचे ते नव्हे. आमचे वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे, संत्र्यांचे कारंजा घाडगे. तर त्या दोन खाटांपैकी एकीवर माझी आई झोपे, डाव्या पायाखाली दोन उशा घेऊन. दुसरीवर काका झोपत. वडिलांचे हे सर्वांत धाकटे भाऊ, माझ्याहून पाचच वर्षांनी मोठे. ते उजवा पाय खाटेखाली लोंबता सोडून झोपत. आई म्हणे, "पाय वर केला का हलकं वाट्टे रे." काका म्हणत, "मले त पाय खाली सोडला का बरं वाट्टे." आम्ही हसत असू. दीर-भावजयीचे कशातच जमत नाही, झोपण्यातही नाही, असा तो घरगुती विनोद होता.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. १९८४ ते २०१६ अशी बत्तीस वर्षे शिकवले. दरवर्षी फळ्यावर हृदयाची आकृती काढायची, लाल खडूने रोहिणी, निळ्या खडूने नीला. रोहिणीतून शुद्ध रक्त हृदयाकडून बाहेर जाते, नीलेतून अशुद्ध रक्त परत येते, हे वाक्य मुलांकडून घोकून घ्यायचे. त्या दोन खाटांवर तीच आकृती रोज रात्री मांडलेली असे, आणि विज्ञानाच्या मास्तरला ती वाचता आली नाही. हा लेख त्याबद्दलचा आहे.

थोडे शब्दांविषयी बोलायला हवे, कारण आमचा घोळ शब्दांपासूनच सुरू झाला. बोलीत आपण 'नस' म्हणतो तेव्हा त्यात नीला येते, रोहिणी येते, मज्जातंतू येतो, वेळप्रसंगी स्नायूचा दोरही येतो. नस चढते, नस दबते, नस आखडते. भांडताना शिरा ताणतात आणि एखाद्याची दुखरी नस आपल्याला सापडते. भाषा म्हणून हे मोठे समृद्ध आहे, पण दवाखान्यात बसल्यावर त्याने पंचाईत होते. "डॉक्टरसाहेब, पायाची नस खराब झाली," असे आईही सांगे आणि काकाही सांगत. दोघांचे दुखणे मात्र रक्ताच्या दोन उलट प्रवासांतले होते.

आधी आईचा पाय. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर, १९८७ साली एक जखम झाली. भांड्याचा काठ लागल्याचे निमित्त. ती भरेना. भरली की महिन्याभरात पुन्हा उघडे. भोवतालची कातडी काळपट तपकिरी, चामड्यासारखी कडक झालेली, खाज सुटे, आणि संध्याकाळपर्यंत पाय सुजून जोडव्यांची बोटे रुतत. आमच्या भागात सुजलेल्या पायाला एकच नाव ठरलेले आहे, हत्तीपाय. तेच तिलाही चिकटले. गावातल्यांनी दिले तसे एका खासगी दवाखान्यानेही दिले. सात वर्षे ती हत्तीपायाची रुग्ण म्हणून जगली.

हे नाव अगदीच हवेतून आले असे नाही. वर्धा जिल्हा, किंबहुना पूर्व विदर्भच हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. देशात या रोगाच्या नियंत्रणाचा कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. भास्कर हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या रक्तातल्या निदानावर वर्षानुवर्षे संशोधन केले. रोगाचे जंतू दोऱ्यासारखे, राहतात लसीकावाहिन्यांत, आणि त्यांची पिल्ले आपल्याकडे रात्री रक्तात उतरतात. म्हणून आरोग्य खात्याचे पथक रात्री दहानंतर घरोघर येऊन झोपेतल्या माणसांच्या बोटाला सुई टोचते. आमच्या लहानपणी ते पथक आले की मुले गोठ्यात लपत. आता दिवसाही करता येते अशी पट्टीवरची तपासणी निघाली आहे.

पण हत्तीपायाची सूज आणि नीलेची सूज या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक बोटांनी समजतो. हत्तीपायात सूज पावलाच्या पाठीवर आणि बोटांवरही चढते. अधूनमधून थंडी-ताप येतो, जांघेत गाठ येते. पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून उचलायचा प्रयत्न करावा. लसीका तुंबून कातडी जाड झाली असेल तर चिमूट येतच नाही. स्टेमर नावाच्या डॉक्टरांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. माझ्या आईची चिमूट सहज येत होती. ती बघायला अर्धे मिनिट लागले असते. सात वर्षांत कोणी बघितली नाही, मीही नाही. शिवाय ती लुगड्यातली बाई. परक्या पुरुषापुढे पाय घोट्याच्या वर उघडायचा नाही, डॉक्टर असला तरी. जखमेपुरते लुगडे बाजूला व्हायचे. मांडीपर्यंत शिरांचे जाळे पसरले आहे हे डॉक्टरच काय, आम्ही मुलांनीही पाहिले नव्हते. नीलांचा रोग माणसाला उभे करून, गुडघ्याच्या वरपर्यंत पाय उघडा ठेवून, चांगल्या उजेडात पाहायचा असतो. निजलेल्या पायात फुगलेली शीर रिकामी होते आणि रोग दिसेनासा होतो.

त्या दवाखान्याने आईला दिलेली एक गोष्ट मात्र बरोबर होती: ताणली जाणारी क्रेप पट्टी. पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट बांधायची. निदान चुकलेले होते, पट्टी योग्य होती. ती बांधली की आईला आराम पडे. घरात धुऊन वाळत घातलेल्या दोन-तीन पट्ट्या नेहमी असत.

आता काकांचा पाय. काका संत्र्याच्या धंद्यात होते. बागा पाहायच्या, बहार ठरवायचा, तोड झाली की माल मोजून ट्रकात भरायचा. दिवसभर धुऱ्याधुऱ्याने चालणे. आणि बीडी. दिवसाला एक कट्टा, कधी दीड. साधारण १९९० पासून आम्ही एक पाहत होतो की, काका थोडे चालले की थांबतात, बीडी पेटवतात, दोन मिनिटांनी पुढे निघतात. पुन्हा तेवढेच अंतर, पुन्हा बीडी. आम्हाला वाटे, तलफ वाढली. खरे म्हणजे तळपायात आणि पोटरीत गोळा येई, म्हणून ते थांबत, आणि थांबायला कारण म्हणून बीडी पेटवत. ठरावीक अंतरावर दुखू लागणे आणि उभे राहिले की थांबणे, हे रोहिणी अरुंद झाल्याचे जवळजवळ सहीशिक्क्याचे लक्षण आहे. चालताना स्नायूला जास्त रक्त लागते, नळी तेवढे देऊ शकत नाही. विसावा घेतला की मागणी घटते, दुखणे जाते. ज्या रोगाने काका थांबत होते तोच रोग ते थांबून पेटवत होते.

या रोगाला बर्जरचा रोग म्हणतात. लिओ बर्जर या न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. त्याआधी १८७९ साली फॉन विनिवार्टर यांनी असा एक रोगी नोंदवला होता. तंबाखू ओढणारे, बहुधा चाळिशी-पंचेचाळिशीच्या आतले पुरुष, आणि हातापायांच्या लहान-मध्यम रोहिण्या सुजून, गुठळ्या होऊन बंद पडणे. पायावर मधूनच लाल, दुखरी दोरी उमटते, चार दिवसांनी जाते, दुसरीकडे उमटते. काकांना ती येई. तिच्यावर हळद लावत. बर्जरच्या रोगात तंबाखू पूर्ण सोडणे याइतका खात्रीचा दुसरा उपाय आजही नाही. कमी करणे चालत नाही.

१९९४ च्या पावसाळ्यात काकांच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला एक काळा ठिपका आला, मग फोड, मग जखम. रात्री वेदना इतक्या की ते उठून बसत आणि पाय खाली सोडत. पाय लोंबता ठेवला की गुरुत्वाकर्षणाने चार थेंब रक्त जास्त उतरते, तेवढाच दिलासा. पण पाय रात्रंदिवस लोंबता राहिला की सुजतोच. काकांचे पाऊल सुजले, लालसर झाले. मी पाहिले: जखम आहे, सूज आहे, 'नसेचा' त्रास आहे. आईला ज्याने बरे वाटते तेच आणले. दोरीवरची वाळलेली पट्टी काढली आणि माझ्या हाताने, नीट ताण देत, पावलापासून गुडघ्यापर्यंत काकांच्या पायाला बांधली. वर पायाखाली उशा ठेवल्या. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा दोन बोटे निळी-काळी पडली होती.

नागपूरला ज्या सर्जनांकडे नेले त्यांनी आधी कुठलेही यंत्र लावले नाही. दोन्ही पावलांवर हाताची पालथी बाजू फिरवली, एक गार, एक कोमट. मग पावलाच्या पाठीवर आणि घोट्यामागे बोटे ठेवून नाडी शोधली. उजव्या पायात कुठेच लागली नाही. पाय वर उचलून धरला तेव्हा तो मेणासारखा पांढरा पडला. खाली सोडला तेव्हा हळूहळू जांभळट लाल झाला. मग त्यांनी विचारले, "रात्री झोपता कसे?" काकांनी सांगितले. मी, कशासाठी कोण जाणे, मध्येच म्हणालो की आमची आई बरोबर उलटे झोपते. सर्जन माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "त्यांनाही घेऊन या."

पट्टीबद्दल मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, बोटे कदाचित गेलीच असती. या 'कदाचित'बरोबर मी तीस वर्षे राहतो आहे.

पट्टीचे गणित आता मला माहीत आहे, ते इथे लिहितो. नीलेच्या रोगात रक्त वर चढत नाही, म्हणून बाहेरून दाब द्यायचा. रोहिणीच्या रोगात रक्त खालीच उतरत नाही. तिथे बाहेरून दाब देणे म्हणजे उरलेली वाटही बुजवणे. म्हणून घट्ट पट्टी किंवा दाबाचे मोजे देण्यापूर्वी घोट्याचा रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. लागते काय, तर रक्तदाबाची पट्टी आणि हातात मावणारे डॉप्लर यंत्र. निरोगी माणसात हे उत्तर १ च्या आसपास किंवा थोडे वर येते. ०.९ किंवा त्याखाली आले तर रोहिणी अरुंद झाली असे समजतात. ०.८ च्या खाली नेहमीची घट्ट पट्टी बांधत नाहीत, ०.५ च्या खाली तर पट्टीचे नावही काढायचे नाही. मधुमेह्यांच्या रोहिण्या कडक होतात आणि दाबल्या जात नाहीत, त्यामुळे त्यांच्यात हा आकडा फसवा, खोटाच मोठा येतो. त्यांच्यासाठी पायाच्या बोटाचा दाब मोजतात.

आई नागपूरला यायला तयार नव्हती. माझ्या बहिणीने समजूत काढली. सर्जनांनी तिला एका फळीवर उभे केले, आणि बहिणीला सांगून लुगडे वर घ्यायला लावले. तेव्हा आम्ही तो पाय प्रथम पाहिला. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला फार मोठा वाटतो. "बाई, कुठल्या बाळंतपणात हा पाय सुजला होता?" आई चकित झाली. १९६३ साली, माझी बहीण झाली तेव्हा, आठव्या-दहाव्या दिवशी डावा पाय मांडीपासून सुजून पांढराफटक पडला होता. महिनाभर ती अंथरुणावर होती. आजीने विटेचा शेक दिला होता. पुढे पाय उतरला, पण पहिल्यासारखा कधीच झाला नाही. जखम झाली ती चोवीस वर्षांनी.

खोल नीलेत गुठळी झाली होती ती. बाळंतपणात आणि त्यानंतरचे काही आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेले असते. त्यात बाईला हलू द्यायचे नाही आणि पोट सुटेल म्हणून पाणी मोजून द्यायचे, ही आपल्याकडची रीत. पाणी कमी पडले की रक्त दाटते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावावर जे तीन कारणांचे सूत्र आहे, म्हणजे प्रवाह मंदावणे, नळीच्या अस्तराला इजा आणि रक्ताचा गोठण्याकडे कल, त्यातली किमान दोन आपल्या बाळंतिणीच्या खोलीत हजर असतात. गुठळी डाव्या पायात जास्त होते, याचेही शरीरात कारण आहे: डावी मोठी नीला ओटीपोटात उजव्या रोहिणीखालून जाते आणि तिच्याखाली दाबली जाते. आईची गुठळी कालांतराने विरली, पण जाताना झडपा मोडून गेली.

या झडपांची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पादुआला फाब्रिसिउस यांनी १६०३ साली नीलांतल्या झडपांवर पुस्तक काढले, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना नीट उलगडले नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात ते दाखवले. दंडाला बांधून, फुगलेल्या शिरेवर बोट फिरवून: रक्त हृदयाकडे ढकलता येते, उलटे ढकलता येत नाही. पायात या झडपा आणि पोटरीचा स्नायू मिळून पंप चालवतात. नुसते उभे असताना घोट्याजवळच्या नीलेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका दाब असतो. चालू लागले की पोटरी रक्त वर पिळते आणि दाब ३० पर्यंत उतरतो. झडपा गेल्या की चालूनही तो उतरत नाही. त्या न उतरणाऱ्या दाबाने रक्तपेशी कातडीत झिरपतात, त्यांतल्या लोहाने घोटा तपकिरी होतो, कातडी उपाशी राहते, आणि मग भांड्याचा काठ लागायचे निमित्त पुरते. उभ्याने काम करणाऱ्यांत म्हणूनच हे दुखणे जास्त: एसटीचे कंडक्टर, न्हावी, हमरस्त्यावरच्या ढाब्यांचे आचारी, मास्तर. माझ्याही दोन्ही पोटऱ्यांवर आता गांडुळांसारख्या शिरा आहेत. वैद्यकीय मराठीत यांना 'अपस्फीत नीला' म्हणतात. हा शब्द मी एकाही रुग्णाच्या तोंडून ऐकलेला नाही.

सुश्रुताने या दोन्ही गोष्टी वेगळ्या नोंदवल्या आहेत हे मला फार उशिरा कळले. शिरांच्या गाठीला तो सिराज ग्रंथी म्हणतो आणि अशक्त माणसाच्या अतिश्रमाशी तिचा संबंध लावतो. हत्तीपायाला श्लीपद म्हणून तो निराळ्या अध्यायात घेतो आणि जुने पाणी साचून राहणाऱ्या प्रदेशांत तो जास्त होतो असे सांगतो. डासाचे नाव त्यात नाही. ते कळायला १८७७ साली चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यावे लागले. पण दोन सुजा एक नव्हेत एवढे तरी त्या जुन्या वैद्याला ठाऊक होते.

सर्जनांनी आईची एक जुनी परीक्षाही केली. निजवून पाय उंच धरायचा, शिरा रिकाम्या करायच्या, मांडीला वर रबरी नळी आवळायची आणि उभे करायचे. नळी सोडताच शिरा वरून खाली धपकन भरल्या तर वरची झडप गेली. ब्रॉडी आणि ट्रेन्डेलेनबुर्ग या एकोणिसाव्या शतकातल्या दोन सर्जनांची ही युक्ती. आता तिची जागा रंगीत डॉप्लरने घेतली आहे. ध्वनिलहरींनी रक्त कुठल्या दिशेने वाहते ते पडद्यावर दिसते, आणि यंत्राच्या मुठीने दाबल्यावर नीला चपटी झाली नाही तर आत गुठळी आहे हे कळते. आमच्या तालुक्यातून त्यासाठी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावे लागते.

एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी नाही. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, आणि मागे बाळंतपण, शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा लांबचा प्रवास आहे, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. नागपूरहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाणारी आमची मुले पंधरा-पंधरा तास पाय दुमडून बसतात. तो प्रवासही यात धरावा. अशा पोटरीला तेल लावून चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत दुखते, आणि माणूस तासाभरात जाऊ शकतो. याउलट दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्याकडे पाहतात. आणि गोळ्यांकडे. रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिन कित्येकांचे घोटे सुजवते, आणि लोक ते वय झाल्याचे लक्षण समजतात.

आईची जखम योग्य पट्टी, दिवसातून तीनदा पाय हृदयाच्या वर ठेवून पडणे आणि अंगणातल्या फेऱ्या, एवढ्यावर पाच महिन्यांत भरली. २००७ साली ती गेली तेव्हा घोटा तपकिरी होता, पण कोरडा होता. काकांची दोन बोटे काढावी लागली. कमरेतल्या मज्जातंतूंची शस्त्रक्रिया झाली, तिचा थोडा उपयोग झाला. बीडी त्यांनी लगेच सोडली नाही, लपून ओढत राहिले, आणि पुढच्या वर्षी पाय गुडघ्याखाली गेला. त्यानंतर सोडली. डावा पाय आजही शाबूत आहे.

पट्टीची गोष्ट काकांना माहीत आहे. त्यांनी मला तिच्याबद्दल कधी विचारले नाही. मध्यंतरी गल्लीतल्या एक काकू आल्या, पायाला फडके गुंडाळलेले. "मास्तर, तुमच्या आईची ती पट्टी कुठं भेटते?" काका खाटेवरूनच म्हणाले, "बाई, आधी सांगा, रात्री पाय वर घेता का खाली सोडता?"